दातातली ताजी टोकं

कात्रजच्या टेकडीखालच्या, जुन्या हाडा-दातांतला डीएनए तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. कामावर रुजू होताना प्रत्येकाने आपली थुंकी नळीत द्यायची. उद्या जुन्या हाडात कुणाचा डीएनए मिसळला, तर चोर लगेच सापडायला हवा.

यंदा चोर अलिझा ठरली.

चार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या दातात ओठावर फोड आणणारा विषाणू सापडला होता, आणि तो अलिझाच्या थुंकीतल्या विषाणूशी अक्षर न् अक्षर जुळत होता. ती तर दिवसभर संगणकापुढे बसणारी. दातांच्या खोलीत तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

डीएनए काढायला दाताची पूड त्या खोलीत काम करणाऱ्या अनिरुद्धने केली होती. अलिझाचा संशय त्याच्यावरच गेला.

"नळ्यांची अदलाबदल केलीस ना?"

"केली असती तर बरं झालं असतं, मॅडम," तो कोरडेपणाने म्हणाला.

तिने नव्याने थुंकी दिली. नळीवर नाव स्वतः लिहिलं, यंत्रात स्वतः ठेवली आणि निकाल येईपर्यंत शेजारून हलली नाही.

पडद्यावर निकाल उमटला तेव्हा अनिरुद्ध तिच्या खुर्चीमागे उभा होता.

"जुळणं राहू द्या. डीएनएच्या तुकड्यांची टोकं बघा. जुना डीएनए टोकांकडून झिजतो, ताजा नाही."

अलिझाने बघितलं. दातातल्या विषाणूची टोकं काल सकाळी कुणी थुंकलं असावं इतकी ताजी होती.

हजारो वर्षं जुनी असावीत इतकी झिजली होती ती तिच्या थुंकीतली.

अनिरुद्धने मास्क नाकावर चढवला आणि तो मागे सरकला. आवाजात थट्टा नव्हती.

"मॅडम, आपलं वय किती म्हणालात?"