पंतांचं घर

जमाव फाटकातून आत आला तेव्हा विष्णुपंत वाचनालयात एकटेच होते. त्यांनी खिडकी लोटून घेतली, पण पुरती लावली नाही.

परवा दिल्लीत गांधीजींचा खून झाला होता. मारणारा ब्राह्मण होता हे कळलं आणि कोपरगावच्या बाजूला ब्राह्मणांची घरं पेटायला लागली. माळावरचं हे विद्यालय काढणारे विष्णुपंत ब्राह्मणच. बातमी आल्यापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. पण ते कोण विचारणार होतं? पत्नी सरोजिनीबाई आणि वसतिगृहातली मुलं यांना त्यांनी मुक्ताबाईंच्या वस्तीवर धाडलं होतं. स्वतः मात्र हलले नाहीत.

माळ मुक्ताबाईंचा. नवरा गेल्यावर भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून त्यांनी तो शाळेला देऊन टाकला होता. मग गावोगाव फिरून दगड वाहायला बैलगाड्या मागितल्या. येत्या जूनमध्ये इथं कॉलेज सुरू व्हायचं होतं. नव्या इमारतीच्या भिंती छातीएवढ्या आल्या होत्या.

आता मुक्ताबाई वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. जमावाच्या पुढे सहादेव होता. हातात टेंभा, डोळे रडून लाल झालेले. तो इथल्याच वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला होता.

"काकी, बाजूला व्हा. तुमच्याशी आमचं भांडान न्हाई."

मुक्ताबाई हलल्या नाहीत. हा दगड कुणाकुणाच्या गाडीतून आला ते त्यांनी नावं घेऊन सांगितलं. सहादेवच्या बापाच्या गाडीचा आस नदीच्या उतारावर मोडला होता, तेही सांगितलं. मागची काही माणसं चुळबुळली. एक म्हातारा म्हणाला की बाई खोटं बोलत नाही. पण एवढ्या लांबून आलेली माणसं तशीच परत जाणार नव्हती. वसतिगृहाच्या दाराशी कुणीतरी रॉकेलचा डबा उपडा करायला लागला होता.

"मग ह्यात बामनाचं काय हाय, ते सांगा," सहादेव म्हणाला.

मुक्ताबाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग लिंबाच्या झाडापलीकडे हात केला.

"त्ये घर त्यांचं हाय. शाळा आपली हाय."

जमाव तिकडे वळला. घर लहानसं होतं, पेटायला वेळ लागला नाही. कौलं तडकल्याचा आवाज वाचनालयात नीट ऐकू येत होता.

माणसं निघून गेल्यावर मुक्ताबाई आत आल्या. पंत दोन कपाटांच्या मधे जमिनीवर बसले होते. घर मीच दाखवलं, असं मुक्ताबाईंनी सरळ सांगितलं. ऐकलं मी, पंत म्हणाले. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, असंही म्हणाले.

संध्याकाळी सरोजिनीबाई परत आल्या. पदर तोंडाला लावून त्या काठीनं राख उकरत राहिल्या. काय शोधताय असं वस्तीवरून सोबत आलेल्या मुलानं विचारलं, तर काही नाही म्हणाल्या.

आठवड्याभरानं मुलं परतली, शाळा भरली. पंतांनी मॅट्रिकच्या वर्गाचा राहिलेला धडा शिकवून संपवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर जायला बैलगाडी सांगितली. मुक्ताबाई वस्तीवरून धावत आल्या. माझ्या घरी राहा, म्हणाल्या. कॉलेजसाठी आणलेला दगड पडून आहे, पावसाच्या आत नवं घर उभं करू, म्हणाल्या. कॉलेज कोण चालवणार, हेही विचारून पाहिलं. सरोजिनीबाई आधीच गाडीत चढून बसल्या होत्या.

शेवटी मुक्ताबाईंचा आवाज खाली आला. "मास्तर, शाळा तर वाचली ना?"

"वाचली," पंत म्हणाले. "तुमची शाळा वाचली, मुक्ताबाई. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती माझीही आहे."

ते गाडीत चढले. गाडीवानानं कासरा झटकला, तेवढ्यात वर्ग भरल्याची घंटा झाली. सवयीनं पंत उठून उभे राहिले. गाडी हलली, तसे पुन्हा खाली बसले.