अकरा मार्चचा कवडसा

"काळे पडदे नीट ओढ," फ्रा झानोबी शिडीखालून म्हणाले. "खिडकीतून उजेड आला तर कवडसा दिसायचा नाही."

"आणि सूर्यच आला नाही तर?" गवंडी नेन्चोने वरून विचारलं. "सकाळपासून आभाळ भरलंय, पाद्रीबाबा."

"येईल."

या एका दुपारसाठी झानोबी अकरा वर्षं झटत होते. बोलोन्याच्या या चर्चच्या छताला त्यांनी भोक पाडून घेतलं, फरशीत पितळी रेघ बसवली, तिच्यावर समान दिवसाची खूण कोरली. दिवस-रात्र समान होतात तो दिवस कॅलेंडर एकवीस मार्च सांगतं. तो खरं तर आज, अकरालाच असतो, हे कवडशाने दाखवायचं होतं. पारखायला रोमहून आलेले कार्डिनल उद्या परत जाणार होते. आज माध्यान्ही कवडसा खुणेवर पडला नाही, तर कॅलेंडर दहा दिवस चुकीचंच राहणार आणि सगळी ख्रिस्ती दुनिया ईस्टर भलत्याच दिवशी करणार.

"पडला होता म्हणून सांगू की," नेन्चो उतरत म्हणाला. "मी शपथ घेतो. मला सवय आहे."

"खोटं बोलून कॅलेंडर सुधारत नाही, नेन्चो."

कार्डिनल आले, खुर्चीत बसले. "आकडे मला दाखवू नका. डोळ्यांना दिसलं तर सही करीन. नाही दिसलं तर घरी जाईन."

माध्यान्हीची घंटा झाली. फरशी काळीच. झानोबी रेघेशी गुडघे टेकून बसले.

आणि कवडसा पडला. वाटोळा, पिवळसर, नेमका खुणेवर.

नेन्चोने छातीवर क्रूस काढला. झानोबी खुणेवर वाकले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. एक प्रार्थना म्हणून होईतो कवडसा बोटभर तरी सरकायला हवा होता. झानोबींच्या तीन प्रार्थना झाल्या.

"महाराज, सूर्य थांबलाय."

"आपल्याला मान दिला असेल त्याने." कार्डिनलांनी सही केली.

"थांबता कामा नये पण. जरा मोजू द्या..."

"अकरा वर्षं मोजलंत. पुरे झालं."

कार्डिनलांनी स्वतः दार ढकललं. बाहेर बर्फ पडत होता. आवाज न करता, बराच वेळ पडत असावा. पायऱ्यांवर वीतभर साचला होता.

कार्डिनलांनी टोपी कानांवर ओढली आणि छताकडे तोंड करून हाक मारली, "बार्तोलो, कंदील विझव अन् उतर खाली. गारठशील."