एर्लिंडाचा पोचा

"थांब. परत वाजव," आजोबा म्हणाले.

नोएमीने मडगार्डावर हातोडीने पुन्हा टिचकी मारली. ठक्. चार बोटं वर सरकून परत. ठण्ण.

"ठक् म्हणजे गंज, ठण् म्हणजे पत्रा. मधून खडूची रेघ ओढ आणि खालचं सगळं काप. दयामाया नको."

"गाडी आहे, ग्रांपो. सडका दात नाही."

"एकच गं ते!"

ओनोफ्रे आजोबांना आता काहीच दिसत नव्हतं. पण हाताखाली मऊ फडकं घेऊन ते पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि केसाएवढा उंचवटा असला तरी सांगायचे, इथे घास. एस्पान्योला गावात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नोएमीला नेमकी त्या हाताचीच भीती वाटायची.

कारण अंगणातली ही गाडी त्यांची नव्हती.

त्यांची बावन्न सालची शेवरोलेट, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, चेरीसारखी लाल, अकरा वर्षांपूर्वीच विकली गेली होती. आजी वारली, आजोबांची नजर विझत चालली, आणि एके दिवशी त्यांनी गाडी थेट पाटात घातली. नोएमीच्या आईने घाबरून ती कोलोरॅडोला निघालेल्या एका माणसाला विकून टाकली. आजोबांना सांगितलं, चिमायोला मामांच्या शेडमध्ये आहे, झाकून ठेवलीय.

या वसंतात आजोबा म्हणाले, "गाडी घरी आणा. गंज काढू. मला एकदा रविवारी तिच्यात बसून नदीकाठच्या रस्त्याने हळूहळू जायचंय. मग तुम्ही काय हवं ते करा."

आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. "त्यांना कळलं ना, तर ते आतून मोडतील गं. माझ्याशी पुन्हा बोलायचे नाहीत."

मग नोएमीनेच शोध घेतला. बेलार्देच्या एका जर्दाळूच्या बागेत तशीच बावन्न सालची गाडी सापडली. गवतात रुतलेली, निळी, मागच्या सीटवर कोंबडी उबवायला बसलेली. नोएमीने पंधराव्या वाढदिवसाच्या मोठ्या मेजवानीवर पाणी सोडलं आणि त्या पैशांत गाडी घरी आली. कोंबडी तेवढी मालकिणीने ठेवून घेतली.

"सीट वेगळी लागतेय," पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले.

"उंदरांनी खाल्ली. बदलली."

"आणि स्टिअरिंग?"

"तेही उंदरांनीच."

"चिमायोचे उंदीर!" ते म्हणाले.

जून उजाडला. नदीकाठच्या झाडांचा कापूस दिवसभर हवेतून तरंगत यायचा आणि गाडीभोवती साचायचा. वाटायचं, गाडी ढगावर उभी आहे आणि ही दोघं तिला ढगातून कोरून काढताहेत. गंज कापला, नवा पत्रा जोडला, ठोकून गोलाई आणली. नोएमीच्या केसांत कापूस, नखांत गंज. आई म्हणाली, "नवरी झालीस बघ." इतकी खूश नोएमी आयुष्यात झाली नव्हती.

शनिवारी सकाळी ती फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरली. त्यावर सांतो निन्योचं, बाळ येशूचं, चित्र होतं. पत्र्याला ते चिकटायचं, खड्डे बुजवायच्या पुट्टीवरून घसरायचं. ड्रायव्हरच्या दाराला, मुठीच्या खाली, सांतो निन्यो दोनदा धपकन मातीत पडले.

"काय पडलं?"

"काही नाही. मुंगी चावली."

कुणा आळश्याने तिथे पुट्टी थापली असणार. नोएमीने मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

"उद्या दार घेऊ," आजोबा म्हणाले. "एर्लिंडाच्या पोच्याला हात लावीन आणि मगच आत बसेन."

"कुठला पोचा?"

"अगं, आजीचा! एक्काहत्तरचा नाच. मी तिच्या मावसबहिणीबरोबर दोनदा नाचलो. दोनदाच, बरं का! बाईसाहेबांनी बाहेर येऊन दाराला अशी लाथ हाणली! नाचायच्या बुटाच्या टाचेला घोड्याच्या नालेसारखी पट्टी होती, एक बाजू तुटकी. तिचा ठसा उमटला. मुठीखाली एक वीत. गाडी तीनदा रंगवली मी, पण तो पोचा कुणाला उचलू दिला नाही. सगळं खोरं हसायचं, एवढी झळाळी आणि गालावर देवीचा व्रण."

"म्हणजे अजून आहे तो?"

"जाईल कुठे? आपल्या खोऱ्यातल्या गाड्या हात बदलतात, रंग बदलतात आणि फिरून नदीकाठीच येतात. आमची तर कधी शेडबाहेरच पडली नाही. हो ना?"

"हो," नोएमी म्हणाली. समोरचं दार आरशासारखं सपाट होतं.

दुपारी हिरव्या मिरचीचं कालवण पोटभर खाऊन आजोबा ओसरीवर झोपले. झोपेतही त्यांचा हात हळूहळू फिरत होता, स्वप्नातल्या कुठल्यातरी मडगार्डावरून.

नोएमीने आजीच्या पेटीतून बूट काढला. टाचेची पट्टी अजून तशीच, एक बाजू तुटकी. मुठीपासून खाली तिने आजोबांच्या हाताएवढी मोठी वीत मोजली. नेमकी सांतो निन्यो घसरले तीच जागा. खोटा तर खोटा, पुट्टीत ठसा उठला की झालं! तिने टाच दाराला लावली, "माफ कर, आजी," असं पुटपुटली आणि हातोडी हाणली.

काहीच नाही. दुसऱ्यांदा, जोरात.

तडकल्याचा आवाज झाला. भाकरीएवढा निळा पोपडा सुटून खालच्या कापसात पडला. मेले! तिने ओसरीकडे पाहिलं. आजोबा झोपेतच होते.

ती वाकली. पोपड्याखालचा पत्रा निळा नव्हता. चेरीसारखा लाल होता. आणि त्याच्या मधोमध एक जुना पोचा होता.

नोएमीने बूट उलटा धरला आणि टाच अलगद त्यात ठेवली. ती चपखल बसली, तुटक्या बाजूसकट.