तणमोराची पाचवी उडी

तणमोर या दुर्मीळ पक्ष्याचे चांगले फोटो मिळाले, तर दिग्रसजवळचा हा गवताळ माळ सरकारकडून राखून घेता येईल, अशी भैरवीला आशा होती. त्यासाठी ती पुसदहून चौथ्यांदा आली होती.

माळाला लागूनच देवीलालची कपाशी होती. फवारणीचा उग्र वास अजून हवेत होता. देवीलाल बांधावर उभा राहून तिच्याकडे रोखून बघत होता.

"कायले आमच्या मुळावर येऊन राह्यली, बाई?" तो म्हणाला. "फोटो छापून येईन, अन् उद्या माह्या वावराले कुंपन पडन."

तेवढ्यात समोरच्या गवतातून तणमोर टर्र करत माणसाच्या उंचीएवढा उसळला आणि तिथंच खाली उतरला. भैरवीने फोटो काढला. पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी उसळत राहिला, ती दर उडीला फोटो काढत राहिली. चौथ्या उडीला तिला राहवलं नाही.

"दिसला का भाऊ?"

देवीलालचा चेहरा पांढरा पडला होता. "तो त परवाच मेला. फवारनी झाली अन् पडला. मीच गाडला त्याले, तिथंच."

"मग हा दुसरा असेल."

"एकच होता."

भैरवीने कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. चारही फोटोंत पक्ष्याची मान बांधाकडे, देवीलालकडे वळलेली होती.

तणमोर पाचव्यांदा उसळला. दोघांनी वर पाहिलं. तो खाली आलाच नाही. आभाळ रिकामं होतं.

भर उन्हात पसरलेल्या पंखांची एक लहानशी सावली देवीलालच्या पायाशी पडली, आणि मोठी होऊ लागली.