नवं माप
“वजनकाटाच मेला बिघडलाय, कपडे तर सगळे चपखल बसतात!” ती आरशासमोर पुटपुटली. शिवणयंत्रावरच्या नवऱ्यानं मान वर केली नाही. वर्षभर ती रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेत होती, पण आजाराचं नाव घरात कुणी काढत नसे. तेवढ्यात ड्रेसचा हूक निघाला; तो शिवायला तिनं ड्रेस काढून उलटा केला, तर आत उसवलेल्या टाक्यांच्या तीन रांगा दिसल्या. शिंपीबुवा तिच्या नकळत कपडे थोडे थोडे सैल करत आले होते. “तुला वाईट वाटू नये म्हणून...” तो चाचरला. तिला हसूही आलं आणि रागही. त्याच्या गळ्यातली टेप ओढून तिनं स्वतःच्या कमरेला गुंडाळली. “माझंच शरीर माझ्या थायरॉइडवर उठलंय, आणि हे जन्मभराचं दुखणं आहे. पण म्हणून मी अंग चोरून बसणार नाही. घ्या माप, अन् आकडा मोठ्यानं वाचा!”