टाकळ्याचा शोध

"अगं, पिशवी जपून धर, आत औषध आहे!" केळुसकरांनी टेकडीवरून खुडून आणलेला टाकळा बायकोच्या हाती दिला. निवृत्तीनंतर वाचनालयातून रानभाज्यांचं जाडजूड पुस्तक आणल्यापासून त्यांना वाटेवरचं गवतही नात्यातलं वाटू लागलं होतं.

मालिनीताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "दर पावसाळ्यात करते की मी ही भाजी! गेल्या वर्षी ताट सरकवून म्हणालात, मी काय बैल आहे?"

"तेव्हा वाचलं नव्हतं," केळुसकर म्हणाले.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान रंगलं. "आपल्या बायका हे ज्ञान पार विसरल्या हो!" टाळ्या पडल्या.

मग त्यांनी पडद्यामागच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "अगं, झाली का सगळ्यांची भाजी?"

"झाली," आतून खणखणीत आवाज आला. "मीठ तेवढं विसरले. किती घालायचं, पुस्तकात बघून सांगा."