उसना सातवा

एकशे अठ्ठेचाळीस. लोर्ना कॉल्बीने सभागृहातली माणसं दोनदा मोजली. एकदा दारापासून व्यासपीठाकडे आणि एकदा उलट. दोन्ही वेळा आकडा तोच आला. मग तिने मांडीवरच्या वहीत तीन रकाने केले. आपली पक्की मतं एकाहत्तर. मागच्या दोन रांगांत बसलेले, भावाच्या कारखान्यातले कामगार एकोणीस. उरलेले अठ्ठावन्न तिने सरळ विरोधात धरले. नव्वद विरुद्ध अठ्ठावन्न. शाळा वाचली होती.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चचा पहिला मंगळवार हा गावसभेचा दिवस. सरकारी कचेऱ्या बंद असतात. खाजगी मालकांवर मात्र बंधन नाही, आणि लोर्नाच्या धाकट्या भावाने, एव्हरेटने, लाकूड कापायचा आपला कारखाना या दिवशी कधीच बंद ठेवला नव्हता. पण गेल्या वर्षी गावची दोन खोल्यांची शाळा जेमतेम चार मतांनी तरली होती. म्हणून लोर्नाने जानेवारीतच त्याच्यामागे लकडा लावला. कामगारांतले निम्मे शाळेत तिच्याच वर्गात शिकलेले. ते सभेला आले, की काळजी मिटली. शेवटी एव्हरेट म्हणाला होता, "ठेवतो बंद. भरपगारी सुट्टी देतो."

आता तो तिच्या शेजारी बसून टोपीची कड चुरगाळत होता.

सभापती हार्लन प्रुइट यांनी ठराव वाचला. एकतीस मुलांची शाळा पुढच्या वर्षी चालू ठेवावी काय? ठरावाच्या बाजूचे आवाज आधी.

"हो!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सभेत विणत बसलेल्या बायकांच्या सुयादेखील क्षणभर थांबल्या. मागच्या दोन रांगा सर्वांत मोठ्याने ओरडल्या होत्या.

"विरोधात?"

सहा-सात बारीक आवाज आले. शेजाऱ्यांदेखत शाळेविरुद्ध ओरडायला बाकीचे विरोधक दर वर्षीच कचरायचे.

"ठराव मं–"

"थांबा हार्लन," आयरीन गोकी उभी राहिली. सत्तरी उलटलेली, एका मांजरासोबत एकटी राहणारी बाई. "चिठ्ठ्या हव्यात मला. गुप्त मतदान."

"सात माणसं लागतात, आयरीन. नियम तुला पाठ आहे."

इकडे एक उठला, तिकडे दोघे उठले. आयरीन धरून सहा झाले. मग कोणीच उठेना.

"मांजराला उभं कर की गं तुझ्या!" कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. आयरीन हसली नाही. तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

या गावात अशा वेळी जिंकणाऱ्या बाजूचा एक जण उठतो. उसना सातवा म्हणतात त्याला. कोणाचं तोंड दाबून जिंकलो असं व्हायला नको, एवढ्यासाठी. लोर्ना दर वर्षी वर्गात मुलांची खोटी गावसभा भरवायची, आणि त्यात हे हमखास शिकवायची. तिने वही मिटली.

एव्हरेटने तिच्या कोटाची बाही पकडली.

"खाली बस, लोर्ना."

"अरे, नव्वद आहेत आपले. मी मोजलेत."

"खाली बस म्हणतोय ना!"

हा कधीपासून इतका कोत्या मनाचा झाला, असं तिला वाटून गेलं. तिने बाही सोडवली आणि उभी राहिली.

"सात," सभापती म्हणाले. टाळ्या पडल्या. आयरीनने वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान लववली.

यादीवर नावाला खूण, हातात चिठ्ठी, मग लाकडी पेटी. रांग हळूहळू सरकत होती. लोर्ना आपली चिठ्ठी टाकून परत आली, तेव्हा मागच्या रांगांतले कामगार मतं लिहीत होते. रॉय थिबो हा तिचा जुना विद्यार्थी. चिठ्ठीवर टोपी आडवी धरून तो लिहीत होता. शेजारचा पोरगा पाहून उतरवेल म्हणून पाटी झाकावी तसा.

"काय रॉय, स्पेलिंग चुकलं तर मी आहे हं," ती हसून म्हणाली.

"हो, बाई," तो म्हणाला. पण वर पाहिलं नाही. त्याच्या पलीकडच्यानेही पाहिलं नाही.

ती जागेवर येऊन बसली. पेटी टेबलावर उलटी झाली. लेखनिक बाई चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावू लागल्या.

"एव्हरेट, यांना झालंय काय?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "दोन महिने जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. घरपट्टी. शाळेपायी वाढते म्हणतात."

लोर्ना त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग कारखाना बंद कशाला ठेवलास?"

"तू मागितलंस म्हणून." तो अगदी हळू बोलत होता. "आणि म्हटलं, मी इथे बसलेलो असताना तोंडाने 'नाही' कोण म्हणतोय? चिठ्ठीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. सात कुठून जमणार होते?"

समोर लेखनिक बाईंनी कागद सभापतींच्या हाती दिला. हार्लन प्रुइट यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे त्यांनी एकदा मनात वाचले आणि मग मोठ्याने.

"कोऱ्या चिठ्ठ्या, दोन. नाही, पंचाहत्तर. हो, एकाहत्तर."